अंदाजाची शेती आणि पडताळ्याचे धंदे

मृगाचा पाऊस बरा झाला, वाफसा आला आणि घरचेच सोयाबीनचे बियाणे घेऊन आम्ही पेरणीस निघालो, ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बियाणे दिसावयास टपोरे होते. मुठीत घेऊन पाहिले, दाताखाली धरून पाहिले आणि 'ठीक आहे' असा अंदाज केला. आठव्या दिवशी शेतात जाऊन पाहतो तो हातभर अंतरावर एखादे रोप! उन्हाळ्यात पोत्यांची थप्पी छपरापर्यंत लावली होती. खालच्या पोत्यांतील दाण्यांचे नाजूक साल भाराने चिरले होते, हे मागाहून उमगले. दुबार पेरणी करावी लागली. बियाणे, खत, मजुरी आणि सर्वांत मोलाचे असे पंधरा दिवस वाया गेले. ज्या पिकाच्या भरवशावर सोसायटीचे कर्ज फेडावयाचे होते, ते पीक त्या वर्षी कर्जासही पुरले नाही.

शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा-सात दिवस ठेवले असते, तर हे सर्व टळले असते. त्यास खर्च काहीच नव्हता. मग आम्ही ते केले का नाही? अज्ञान म्हणावे, तर ही रीत कृषिविषयक मासिकांतून आम्ही अनेकदा वाचलेली होती. न करण्याचे कारण एवढेच, की नजरेने अंदाज करण्याची सवय आमच्या अंगी हाडीमासी खिळलेली आहे. 'एकरी साधारण इतके', 'पंपाला एक झाकण', 'यंदा बरे सुटेल' ह्या भाषेतच आपला संसार चालतो.

त्या प्रसंगानंतर इतर धंद्यांतील माणसे आपापली कामे कशी करतात, ह्याकडे आम्ही अधिक लक्षपूर्वक पाहू लागलो. त्यांचे कष्ट आपल्याहून अधिक आहेत असे आढळले नाही. बुद्धीही अधिक आहे असे नाही. परंतु एक गोष्ट सर्वत्र सारखी दिसली. जो धंदा टिकला, त्यात स्मरणावर व नजरेवर विसंबण्याची चाल मोडून पडताळा पाहण्याची चाल पाडलेली होती. अशा पाच धंद्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

डबेवाल्यांची खूण

मुंबईतील डबेवाले हे आपल्याच गोतातले होत. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या भागांतील शेतकरी कुटुंबांतून ही माणसे मुंबईस गेली. सन १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी हा धंदा उभा केला. पुढे तो इतका वाढला, की सन २०२० च्या महामारीपूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत असत. महामारीत लोकलगाड्या सामान्य प्रवाशांस बंद झाल्या तेव्हा हा धंदा बसला आणि पुढेही पूर्वीच्या मानाने तो पुष्कळ आक्रसलेलाच राहिला. तथापि त्याची रीत अभ्यासण्याजोगी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेने सन २०१० मध्ये ह्या धंद्यावर आपल्या विद्यार्थ्यांकरिता एक पाठ तयार केला, ह्यावरून तिची योग्यता कळून येईल.

एक डबा घरातून निघून कचेरीत पोहोचेपर्यंत निरनिराळ्या माणसांच्या हातून जातो. लोकलगाडी स्टेशनात उभी राहते ती अर्धाएक मिनिट. इतक्या अवधीत शेकडो डबे चढवावयाचे व उतरवावयाचे असतात. हे काम कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर चालविले असते, तर पहिल्याच दिवशी घोटाळा झाला असता. म्हणून प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंगाने आकडे व अक्षरे लिहिलेली असतात. डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर जावयाचा, हे सर्व त्या दोन-चार खुणांत सांगितलेले असते. फारसे शिक्षण न झालेल्या माणसासही ती खूण वाचता येते. टोळीवर अनुभवी मुकादम असतो, आणि कोणी आजारी पडल्यास काम अडू नये म्हणून टोळीत एखाददुसरा जादा माणूसही ठेवलेला असतो.

आता आपल्या घराकडे पाहा. कोठीत पोती रचलेली आहेत. त्यांतील बियाण्याचे कोणते, विक्रीचे कोणते, गेल्या सालचे कोणते, हे घरातील एकाच माणसास ठाऊक असते. तो परगावी गेला की सर्वांचे हात बांधले जातात. औषधाच्या उरलेल्या बाटलीवर चिठ्ठी नसते. ती घरातील पोरासोरांच्या हाती लागली, तर काय अनर्थ होईल हे सांगावयास नको. पोत्यावर गेरूने तुकड्याचे नाव, वाण व साल लिहिण्यास किती वेळ लागतो? निर्यातीच्या द्राक्षांस तर आज हा दंडकच झाला आहे. अमुक पेटीतील द्राक्षे कोणत्या बागेतील, हे सांगता आले पाहिजे. सन २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढरोधक द्रव्याचा अंश सापडल्यावरून आपली द्राक्षे युरोपात अडली आणि बागाईतदारांस जबर फटका बसला. ज्याच्यापाशी औषधाचे नाव, तारीख व प्रमाण लिहिलेले असेल, तोच अशा वेळी चार शब्द बोलू शकतो.

वैमानिकाची आणि शस्त्रवैद्याची यादी

सन १९३५ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील ओहायो प्रांतात एका नव्या, चार इंजिनांच्या प्रचंड विमानाची परीक्षा चालू होती. ते बोइंग कंपनीने बांधलेले होते व चालविणारा वैमानिक चांगला मुरलेला होता. विमान उडाले, वर चढले आणि लगेच कोसळून पेटले. त्यात दोघांस प्राणास मुकावे लागले. चौकशीत यंत्राचा दोष आढळला नाही. विमान जमिनीवर उभे असताना त्याच्या शेपटाकडील हलत्या फळ्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून त्यांस एक अडसर घातलेला असतो. उडण्यापूर्वी तो काढावयाचा राहून गेला होता. इतके साधे काम, आणि इतका निष्णात मनुष्य! त्यावर उपाय म्हणून वैमानिकास अधिक शिक्षण देण्यात आले नाही. उडण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टींची एक छोटी यादी करून दिली आणि ती दर वेळी वाचूनच पुढे जावयाचे, असा नियम केला. तेच विमान पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने उडाले.

हीच युक्ती पुढे शस्त्रवैद्यांनी उचलली. जागतिक आरोग्य संघटनेने सन २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी पाहावयाच्या एकोणीस गोष्टींची यादी प्रसिद्ध केली. त्या कामाचे अग्रणी डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतील शस्त्रवैद्य; त्यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे आणि त्यांचे आजोबा तेथे शेती करीत असत. ह्या यादीत तीन ठिकाणी थांबावयाचे असते : भूल देण्यापूर्वी, शस्त्र लावण्यापूर्वी आणि रोगी खोलीतून बाहेर नेण्यापूर्वी. रोगी हाच ना, शस्त्र कोणत्या बाजूस लावावयाचे, वापरलेल्या वस्तू मोजून बरोबर भरल्या ना, अशा साध्याच गोष्टी. आठ देशांतील आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून सुमारे पाऊण टक्क्यावर आले, असे सन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील इस्पितळांची पाहणी सन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत असा लाभ दिसून आला नाही. ह्यातून घ्यावयाचा बोध हाच, की यादीवर खुणा करणे निराळे आणि थांबून खरोखर पाहणे निराळे.

ह्याच यवतमाळ जिल्ह्यात सन २०१७ च्या खरिपात कपाशीवर औषधे फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, हे वाचकांस स्मरत असेल. दोष केवळ फवारणाऱ्यांचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, औषधे जहाल, अनेक औषधांचे एकत्र मिश्रण, जोराचे पंप, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि वेळेवर नीट सल्ला नाही, अशी अनेक कारणे तेथे एकवटली होती. म्हणूनच आपल्या हाती जेवढे आहे तेवढे तरी निसटू देता कामा नये. शस्त्रवैद्य तीन वेळा थांबतो, तसेच फवारणी करणाऱ्यानेही तीन वेळा थांबावे. औषध कालविण्यापूर्वी : डब्यावरील नाव व प्रमाण वाचले काय? माप घेतले काय? दोन औषधे मिसळण्यास कोणा जाणत्याचा आधार आहे काय? पंप पाठीस लावण्यापूर्वी : हातमोजे, तोंडावर फडके, अंगभर कपडे आहेत काय? पंप गळत नाही ना? वारा पाठीकडून आहे ना? काम आटोपल्यावर : हातपाय साबणाने धुतले काय? कपडे निराळे ठेवले काय? रिकामा डबा फोडून मोडीत टाकला काय? आणि तारीख लिहिली काय?

मजूर लावून फवारणी करणाऱ्याने तर ही यादी स्वतः वाचून दाखवावी. कारण शेत आपले असले तरी जीव त्याचा पणास लागलेला असतो.

पेरणीचीही अशीच यादी करता येईल. उगवण मोजली काय? बियाण्यास बुरशीनाशक आधी व जिवाणूखत नंतर लावले काय? चाड्याच्या नळ्या मोकळ्या आहेत काय? एक नळी तुंबली तर तास मोकळे राहते, आणि ते कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

पापडाची एकच प्रत

सन १९५९ च्या मार्च महिन्यात मुंबईतील गिरगावात सात गुजराथी स्त्रियांनी एका सज्जनाकडून ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुड्या झाल्या. हाच पुढे 'लिज्जत' ह्या नावाने प्रसिद्ध झालेला गृहउद्योग. त्याच्या संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांस सन २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

ह्या भगिनींच्या आरंभीच्या दिवसांतील दोन गोष्टी आपल्या फार उपयोगाच्या आहेत. पहिली अशी, की प्रथम त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगला व एक हलका, स्वस्तात विकावयाचा. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख ह्यांनी त्यांस सांगितले, की एकच ठरावीक प्रत करा आणि तीत कधी उणे पडू देऊ नका. तेव्हापासून तोच नियम झाला. मळलेले पीठ केंद्रातून घेऊन भगिनी घरी पापड लाटतात, ते परत आणून देतात आणि तपासणी होऊनच त्यांस लाटणावळ मिळते. लाटणारे हात हजारो असले, तरी घेणाऱ्यास पापड एकाच हातचा वाटतो. दुसरी गोष्ट अशी, की पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी घेतली. खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. पावसास दोष देत त्या बसल्या नाहीत.

आपण बाजारात माल कसा नेतो? पाटीत वर मोठे फळ, खाली बारके. कांद्याच्या ढिगात गोल्टी दडलेली. व्यापाऱ्यास हे कळत नाही, असे मानणे हा भ्रम आहे. तो सर्वांचाच माल तसा असेल असे धरून भाव पाडतो, वांधा काढतो, कडता धरतो. ह्या रीतीने जो प्रामाणिक आहे त्यासही लबाडाच्या पापाचा भाग भरावा लागतो. गावातील वीस जणांनी मिळून आपल्या मालाची प्रतवारी घरीच केली, हलका माल हलका म्हणूनच वेगळा विकला आणि हा नियम तीन-चार हंगाम न मोडता पाळला, तर त्या गावच्या गाडीस बाजारात नाव येते. पत हीसुद्धा एक मिळकतच आहे. ती सातबाऱ्यावर दिसत नाही इतकेच.

नांगर आणि नकार

चौथी हकीकत आपल्याच पूर्वजांच्या चुकीची आहे, ती संकोच न करता सांगितली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीस विष चढते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपेपर्यंत दोन वर्षे गेली असे सांगतात. सन १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडलजवळचा माळ दिला व तेथे किर्लोस्करवाडी वसली. त्यानंतर हाच नांगर महाराष्ट्रभर गेला आणि लोखंडाने जमीन नासत नाही, हे जमिनीनेच दाखविले.

कारखानदाराकडून घेण्याचा धडा हा, की नुसता माल उत्तम असून भागत नाही. गिऱ्हाइकाच्या मनातील शंका जाणून तिचे निरसन करावे लागते. सन १९२० मध्ये त्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघू लागले, ते कारखान्याची वार्ता बाहेरच्या लोकांपर्यंत नेण्यासाठीच. आपल्यापैकी किती जणांस आपला माल शेवटी कोण खातो, त्यास तो कसा हवा असतो, हे ठाऊक आहे? आपली ओळख अडत्यापाशी संपते.

शेतकऱ्याच्या बाजूने घेण्याचा धडा त्याहून मोठा आहे. त्या दोन वर्षांत नांगर नाकारणाऱ्यांनी तो जमिनीत घालून पाहिला नव्हता. ऐकीव गोष्टीवर निकाल दिला होता. आज ह्याच्या उलट दोषही दिसतो. दुकानदाराने हाती दिलेली कोणतीही बाटली आपण सबंध शेतावर रिकामी करतो. एक नकार ऐकीव, एक स्वीकार ऐकीव, दोन्ही अंदाजच. खरी रीत अशी, की नवीन बियाणे, खत वा औषध प्रथम दोन-चार गुंठ्यांत वापरावे, शेजारीच तेवढाच पट्टा जुन्या रीतीचा ठेवावा, बाकी सर्व मशागत सारखी करावी आणि काढणीच्या वेळी दोन्हींचे उत्पन्न वेगवेगळे तोलावे. काटा जे सांगेल ते मानावे. ह्यास एका हंगामाचा धीर लागतो, परंतु सबंध शेताचा जुगार टळतो.

दुधाचे माप

पाचवी गोष्ट गुजराथेतील खेडा जिल्ह्याची. तेथील दूध एका खासगी डेअरीमार्फत मुंबईस जाई आणि गवळ्याच्या पदरी काय पडावे हे मधले ठेकेदार ठरवीत. सन १९४६ च्या जानेवारीत समरखा गावी शेतकऱ्यांची सभा भरली. सरदार पटेल ह्यांचा सल्ला होता, आणि मोरारजी देसाई सभेस हजर होते. पंधरा दिवस दूध न घालण्याचा निर्धार शेतकऱ्यांनी पार पाडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्रिभुवनदास पटेल ह्यांच्या पुढारीपणाखाली जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ नोंदला गेला. आरंभी दोन गावच्या सोसायट्या आणि रोजचे अदमासे अडीचशे लिटर दूध एवढाच पसारा होता. हाच पुढे 'अमूल' झाला.

संप अनेक ठिकाणी होतात व विरतात. हा संघ टिकला, ह्याचे एक मोठे कारण आमच्या मते माप हे होय. प्रत्येकाचे दूध त्याच्या डोळ्यांदेखत मोजावयाचे, त्याचा नमुना घेऊन स्निग्धांश तपासावयाचा आणि त्याप्रमाणे दाम द्यावयाचे. पाणी घालणाऱ्यास त्याचे फळ आपोआप मिळते व सकस दूध घालणाऱ्यास त्याचा मोबदला मिळतो. कोणी कोणास लबाड म्हणावयास नको. एकमेकांवर विश्वास ठेवा, असा उपदेश करून विश्वास उत्पन्न होत नाही. खरे माप रोज डोळ्यांपुढे झाले म्हणजे तो आपोआप येतो. आणखी एक गोष्ट ह्या शेतकऱ्यांनी केली. ज्या कामास तज्ज्ञ लागतो, तेथे तज्ज्ञ नेमला. सन १९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदास आले. त्यांचे सहकारी दलाया हे दुग्धशास्त्र जाणणारे होते. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे तेव्हा बाहेरचे तज्ज्ञ म्हणत. ह्यांनी करून पाहिली आणि सन १९५५ मध्ये तिचा कारखाना आणंदास चालू झाला. मालकी शेतकऱ्यांची, काम जाणत्याचे, आणि दोघांवर नजर मापाची. अशी ती व्यवस्था होती.

शेती म्हणजे कारखाना नव्हे

येथे कोणी वाचक म्हणतील, की हे सर्व ठीक आहे. परंतु डबेवाल्याच्या डब्यावर गारा पडत नाहीत आणि पापडाचा भाव दिल्लीत ठरत नाही. हा आक्षेप खरा आहे व तो टाळून चालणार नाही. सन २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती बंदी सन २०२४ च्या मे महिन्यात उठली. त्या पाच महिन्यांत ज्याचा कांदा चाळीत होता, त्याच्या यादीने व वहीने भाव वाढला नसता. अवर्षण, अतिवृष्टी व सरकारी धोरण ह्यांवर पडताळ्याचा उपाय नाही.

परंतु ह्यावरून उलट निष्कर्ष निघतो. जे आपल्या हाती नाही ते इतके मोठे आहे, म्हणूनच जे हाती आहे ते अंदाजावर सोडणे आपणांस परवडत नाही. शिवाय सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडावयाचे, तरी आकडा लागतो. सन १९६५ मध्ये स्थापन झालेला कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना रोख खर्च निराळा धरतो, घरच्या माणसांची मजुरी निराळी धरतो, आणि जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज धरून आणखी एक निराळा आकडा काढतो. आपण मात्र केवळ रोख खर्चच मोजतो.

उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, एक एकर सोयाबीनास रोख खर्च १८,००० रुपये आला, आठ क्विंटल उत्पन्न झाले आणि ४,५०० रुपये भाव मिळाला. हाती ३६,००० रुपये आले. म्हणजे १८,००० रुपये सुटले, असे आपण म्हणतो. आता घरच्या माणसांचे वीस दिवसांचे काम ४०० रुपये रोजाने धरले, तर ८,००० रुपये झाले. तीच जमीन खंडाने दिली असती तर समजा ८,००० रुपये आले असते. तेही धरावयास हवेत. रोख खर्चावरील पाच महिन्यांचे व्याज दरसाल शेकडा सात दराने ५२५ रुपये होते. हे सर्व वजा जाता उरतात १,४७५ रुपये! आकडे प्रत्येकाचे निराळे येतील. कोणाचा तोटा दिसेल, कोणाचा नफा. परंतु कोणते पीक घरास पोसते आणि कोणते घरास खाते, हे वहीवाचून कळणार नाही. मुलगा जेव्हा विचारतो, की शेतीत राहू की शहराची वाट धरू, तेव्हा त्यास अंदाजाने उत्तर देण्याचा अधिकार बापास नाही.

अशा वह्या गावातील पन्नास घरी राहिल्या आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत त्या ताडून पाहिल्या, तर 'परवडत नाही' ह्या आपल्या म्हणण्यास वजन येईल.

यंदा काय करावे

एकदम सर्व करू म्हणणारा काहीच करीत नाही, असा अनुभव आहे. म्हणून ह्या हंगामापुरत्या पाचच गोष्टी सुचवितो. पेरणीपूर्वी प्रत्येक बियाण्याचे शंभर दाणे मोजून उगवण पाहावी. सोयाबीनाचे सत्तरांहून कमी उगवले, तर बियाणे बदलावे अथवा त्या मानाने वाढवावे. फवारणीची यादी मोठ्या अक्षरांत लिहून जेथे पंप टांगतो तेथे लावावी. कोठीतील प्रत्येक पोत्यास व बाटलीस खूण करावी. एका तुकड्याचा तरी पुरा हिशेब, घरच्या मजुरीसह, लिहावा. आणि नवे काही करून पाहावयाचे ते दोन गुंठ्यांत, काट्याच्या साक्षीने करावे.

आमच्या घरी पेरणीपूर्वी आता दर वर्षी ओले गोणपाट अंगणाच्या कोपऱ्यात दिसते. पहिल्या वर्षी शेजारी हसले. गेल्या खेपेस त्यांतील दोघे आपापले दाणे घेऊन आले आणि तिघांचे दाणे एकाच गोणपाटात, निरनिराळ्या घड्यांत, खूण करून ठेवले. सातव्या दिवशी एकाचे अठ्ठ्याऐंशी उगवले, आमचे एक्याऐंशी आणि तिसऱ्याचे त्रेपन्न. त्या तिसऱ्या गृहस्थाने तेवढ्यावर बियाणे बदलले. त्यांची पेरणी वाया गेली नाही, ह्याचे आम्हांस आमच्या स्वतःच्या पिकाइतकेच समाधान वाटले.